‘ऑन’ म्हणजे कण नव्हे

प्रश्न असा आहे: इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन, फोटॉन, बोसॉन या सगळ्यांच्या शेवटी ‘ऑन’ येतो, तर ‘ऑन’चा अर्थ ‘कण’ असा आहे का? आणि तसं असेल तर निऑन, कार्बन, न्यूरॉन, प्लँक्टन यांच्या शेवटी तो काय करतोय?

मुळात तो अर्थ नव्हता, पण आता जवळजवळ झाला आहे. शिवाय तुम्ही दिलेल्या शब्दांमधले ‘ऑन’ एका घराण्यातले नाहीतच.

आधी सर्वांत जुनं घराणं पाहू. ग्रीकमध्ये ‘-ऑन’ हा नपुंसकलिंगी एकवचनाचा प्रत्यय आहे. लॅटिनमध्ये त्याच जागी ‘-उम’ येतो आणि संस्कृतात ‘-अम्’. बैलाच्या मानेवरच्या जूला संस्कृतात ‘युगम्’, लॅटिनमध्ये ‘युगुम’ आणि ग्रीकमध्ये ‘झुगॉन’ म्हणतात. तिन्ही शब्द एकाच मुळाचे, आणि त्यांचे शेवटही. त्यामुळे फलम्, वनम् यांतल्या ‘अम्’ला जेवढा अर्थ आहे तेवढाच या ‘ऑन’ला. तो फक्त लिंग, विभक्ती आणि वचन सांगतो.

निष्क्रिय वायूंची नावं या घराण्यातली. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांना हवेत एक वायू सापडला, जो कशाशीच संयोग पावेना. त्याला त्यांनी ‘आर्गॉन’ म्हटलं, म्हणजे ‘काम न करणारं’, आळशी. १८९८ मध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी आणखी तीन वायू शोधले: क्रिप्टॉन म्हणजे दडलेलं, निऑन म्हणजे नवं, झेनॉन म्हणजे परकं. ‘निऑन’ची हकीकत अशी सांगतात की रॅम्झींच्या मुलाने ‘नोव्हुम’ हे लॅटिन नाव सुचवलं आणि वडिलांनी त्याचं ग्रीक करून घेतलं. निऑन, नोव्हुम आणि आपला ‘नव’ हे सख्खे भाऊ आहेत. ही सगळी विशेषणं आहेत आणि नपुंसकलिंगी आहेत. कणाचा संबंध कुठेच नाही. मग हेलियमच तेवढा ‘-इयम’वाला का? कारण त्याची खूण १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटात दिसली आणि लॉकयर यांनी तो धातू असावा असं समजून सोडियम-पोटॅशियमच्या धर्तीवर नाव ठेवलं. चूक कळली तोवर नाव रूढ झालं होतं. आता या गटाला ‘-ऑन’ लावायचा हा नियमच झाला आहे, म्हणून २०१६ मध्ये ११८व्या मूलद्रव्याचं नाव ‘ओगॅनेसॉन’ ठरलं. त्यात ओगॅनेसियान या शास्त्रज्ञाचं आडनाव आहे, ग्रीक फक्त शेपटीपुरतं.

कार्बनचा ‘न’ मात्र लॅटिनमधला. ‘कार्बो’ म्हणजे कोळसा, आणि त्याची विभक्ती चालवताना ‘कार्बोनिस’ असा ‘न’ उमटतो. म्हणजे तो मूळ शब्दाच्या अंगातलाच आहे. पुढे डेव्ही यांनी बोरॅक्समधून मिळालेल्या मूलद्रव्याला आधी दिलेलं ‘बोरेशियम’ हे नाव बदलून कार्बनच्या वळणावर ‘बोरॉन’ केलं, आणि १८१७ मध्ये टॉमस टॉमसन यांनी ‘सिलिशियम’चं ‘सिलिकॉन’ केलं, कारण हे मूलद्रव्य धातूंपेक्षा कार्बन-बोरॉनच्या जवळचं आहे असं त्यांचं मत होतं. पेंटॅगॉन-पॉलिगॉनमध्ये तर शेवट ‘ऑन’ नसून ‘गॉन’ आहे, ‘गोनिया’ म्हणजे कोन. ते इथे बाजूलाच ठेवू.

आता कणांकडे. सुरुवात इलेक्ट्रॉनपासून नाही, आयनपासून करावी लागते. १८३४ मध्ये फॅरेडे यांना विद्युत-विघटनासाठी नवे शब्द हवे होते, आणि त्यांनी भाषापंडित व्ह्यूएल यांना विचारलं. (‘सायंटिस्ट’ हा शब्दही याच व्ह्यूएल यांचा.) त्या पत्रव्यवहारातून अ‍ॅनोड, कॅथोड, अ‍ॅनायन, कॅटायन आणि आयन हे शब्द आले. ग्रीक ‘इऑन’ म्हणजे ‘जाणारं’. द्रावणातून विद्युतअग्राकडे जाणारं ते आयन. इथला ‘ऑन’ पुन्हा वेगळा, कारण तो वर्तमानकालवाचक धातुसाधिताचा भाग आहे. पण गंमत त्याच्या आधीच्या ‘इ’मध्ये आहे. ‘जाणे’ या अर्थाचा हा ग्रीक धातू आणि संस्कृतचा ‘इ’ धातू एकच. ‘एति’ म्हणजे जातो, आणि त्याच धातूपासून ‘अयन’, जो उत्तरायण-दक्षिणायनात आहे. मराठीत आपण ‘आयन’ लिहितो ते निव्वळ इंग्रजी उच्चारावरून. त्यामुळे अयन आणि आयन यांचं ध्वनिसाम्य योगायोगाचं आहे, नातं मात्र खरं.

इलेक्ट्रॉन हे नाव १८९१ मध्ये स्टोनी यांनी दिलं. ‘इलेक्ट्रिक’च्या मुळाला ‘ऑन’ जोडला, आणि जो शब्द तयार झाला तोच नेमका ग्रीकमध्ये तृणमणीचा, म्हणजे अंबरचा शब्द आहे. तृणमणी घासला की काडीकचरा ओढतो, यावरूनच विजेला ‘इलेक्ट्रिक’ हे विशेषण मिळालं होतं. आपल्या ‘तृणमणी’ या नावातही हाच गुण टिपलेला आहे. मात्र स्टोनी यांचा इलेक्ट्रॉन हा कण नव्हता. विद्युतप्रभाराच्या सर्वांत लहान राशीला, एका मापाला, त्यांनी दिलेलं ते नाव होतं. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांना खरा कण सापडला तेव्हा ते त्याला ‘कॉर्पसल’ म्हणत होते. पुढे लोकांनी मापाचं नाव कणाला लावलं. ज्या शब्दामुळे ‘ऑन’ला कणाचा अर्थ चिकटला, तो शब्दच मुळात कणासाठी बनलेला नव्हता.

१९२० मध्ये रदरफर्ड यांनी ‘प्रोटॉन’ रूढ केला: ग्रीक ‘प्रोटॉन’ म्हणजे पहिलं. इथवर व्याकरण शाबूत आहे. १९३२ मध्ये चॅडविक यांना सापडलेल्या न्यूट्रॉनमध्ये धड लॅटिन आणि शेपूट ग्रीक झालं. लॅटिन ‘न्यूटर’ म्हणजे ‘दोघांपैकी एकही नाही’. प्रभार धनही नाही आणि ऋणही नाही, म्हणून न्यूट्रल, म्हणून न्यूट्रॉन. हाच ‘न्यूटर’ लॅटिन व्याकरणात नपुंसकलिंगाचं नाव आहे. इतकं सगळं असूनही मराठीत आपण ‘तो न्यूट्रॉन’च म्हणतो.

इथे एक घोटाळा सुरू झाला. इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन हे दोन्ही ‘ट्रॉन’वर संपतात, त्यामुळे कानाला वाटू लागलं की प्रत्यय ‘ट्रॉन’च आहे. अँडरसन यांना १९३२ मध्ये धनप्रभाराचा इलेक्ट्रॉन सापडला, त्याचं नाव ‘पॉझिट्रॉन’ पडलं. १९३८ मध्ये इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधल्या वजनाच्या एका कणाला अँडरसन आणि नेडरमायर ‘मेसोटॉन’ म्हणू पाहत होते. ज्येष्ठ सहकारी मिलिकन यांनी आग्रह धरला की इलेक्ट्रॉन-न्यूट्रॉनसारखा त्यात ‘र’ हवा. ‘प्रोटॉनचं काय?’ असं अँडरसन यांनी विचारून पाहिलं, पण ‘मेसोट्रॉन’च छापला गेला. १९३९ मध्ये होमी भाभांनी ‘नेचर’मध्ये छोटी टीप लिहून हा ‘ट्र’ फालतू असल्याचं दाखवलं: इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनमधला ‘ट्र’ त्यांच्या मूळ शब्दांतला आहे, ‘मेसो’ म्हणजे मधला यात तो नाहीच, म्हणून ‘मेसॉन’ म्हणा. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत आवडता भाग वाटतो, कारण विज्ञानाच्या नियतकालिकात एका भौतिकशास्त्रज्ञाने केलेली ही शुद्ध शब्दचर्चा आहे, आणि ती लोकांनी मानली. ज्या कणावरून हे सारं झालं, त्याला आज म्यूऑन म्हणतात आणि तो मेसॉनांत मोडत नाही, ही गोष्ट वेगळी.

खरा ‘ट्रॉन’ प्रत्यय ग्रीकमध्ये आहे, पण तो साधनवाचक. ‘आरोट्रॉन’ म्हणजे नांगर, नांगरण्याचं साधन. ‘मेट्रॉन’ म्हणजे मोजायचं माप, आणि त्याची बहीण म्हणजे आपली ‘मात्रा’. संस्कृतात हाच प्रत्यय ‘त्र’ या रूपात भेटतो: ज्याने नेलं जातं ते नेत्र, ज्याने ऐकलं जातं ते श्रोत्र, ज्याने खणलं जातं ते खनित्र, शिवाय शस्त्र आणि वस्त्र. १९१५च्या सुमारास लँगम्यूर यांनी निर्वात नळीला ‘केनोट्रॉन’ म्हटलं. ‘केनॉस’ म्हणजे रिकामा. तिथून मॅग्नेट्रॉन, सायक्लोट्रॉन, सिंक्रोट्रॉन अशी यंत्रांची रांग लागली. तेव्हा सायक्लोट्रॉनचा शेवट इलेक्ट्रॉनपेक्षा ‘नेत्र’ला जवळचा आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. अर्थात ही नावं ठेवणाऱ्यांच्या कानात इलेक्ट्रॉनही घुमत असणार.

बाकीच्या कणांच्या वेळी ‘ऑन’ पूर्ण मोकळा झाला होता, कशालाही जोडता येत होता. फोटॉन (प्रकाश) हे नाव १९२६ मध्ये लुइस यांनी दिलं. त्यामागची त्यांची कल्पना टिकली नाही, नाव टिकलं. बॅरिऑनमध्ये ‘बारुस’ म्हणजे जड, आणि हा शब्द संस्कृत ‘गुरु’चा सजातीय. ‘लेप्टॉन’ म्हणजे बारीक, हलका. पण १९७० च्या दशकात सापडलेला टाऊ लेप्टॉन प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट जड निघाला. बोसॉन आणि फर्मिऑन ही नावं सत्येंद्रनाथ बोस आणि फर्मी यांच्यावरून डिरॅक यांनी ठेवलेली. ग्लुऑनमध्ये तर सरळ इंग्रजी ‘ग्लू’, डिंक. या टप्प्यावर ‘ऑन’ म्हणजे कण हे तुमचं अनुमान बरोबरच आहे.

उरला न्यूरॉन. हे नाव वाल्डायर यांनी चेतापेशीला १८९१ मध्येच दिलं, पण त्याचा इलेक्ट्रॉनशी संबंध नाही. ‘न्यूरॉन’ हा अख्खा ग्रीक शब्द आहे, अर्थ स्नायुबंध, दोरी. संस्कृत ‘स्नावन्’ त्याचा नातेवाईक. प्लँक्टनही तसाच, ‘भटकणारं’. याउलट जनुकशास्त्रातले शब्द भौतिकीच्या वळणावर बनले. भौतिकी सोडून जीवशास्त्रात आलेल्या बेंझर यांनी १९५७ मध्ये जनुकाच्या लहानात लहान घटकांना सिस्ट्रॉन, म्यूटॉन, रेकॉन म्हटलं. सिस्ट्रॉनमधला ‘ट्र’ ‘सिस-ट्रान्स’ चाचणीतल्या (दोन बदल एकाच जनुकातले आहेत का हे पाहणाऱ्या) ‘ट्रान्स’चा, म्हणजे भाभांच्या कसोटीला तो उतरतो. मग ओपेरॉन आणि कोडॉन आले, आणि १९७८ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांचे इंट्रॉन आणि एक्सॉन. यातला ‘ऑन’ कणाचा नाही, ‘एकक’ या अर्थाचा आहे, म्हणजे स्टोनी यांनी ज्या अर्थाने तो वापरला होता त्याच अर्थाचा.