वाचकांचे प्रश्न : एकाच डिस्टिलरीच्या चार बर्बन

प्रश्न : फोर रोझेस या डिस्टिलरीच्या साधी बर्बन (बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकी व्हिस्की), स्मॉल बॅच, सिंगल बॅरल आणि स्मॉल बॅच सिलेक्ट अशा चार बाटल्या आम्ही काही मित्रांनी एकत्र बसून चाखल्या. साधी सर्वांत पाणचट आणि सिलेक्ट सर्वांत दमदार, असा सर्वांचा कौल पडला. एकाच डिस्टिलरीच्या मालात फरक असतो तो एवढाच का?

उत्तर : आपल्या मंडळींचे एकमत झाले, हीच शंका घेण्याजोगी गोष्ट आहे. या चार बाटल्यांतील मद्यार्काचे प्रमाण अनुक्रमे 40, 45, 50 आणि 52 टक्के आहे आणि आपण लावलेला क्रम नेमका त्याच चढत्या आकड्यांचा आहे. मद्यार्क वाढला की जिभेवरचा चटका वाढतो, घोट अधिक जाड वाटतो आणि मागे रेंगाळणारी चवही लांबते. त्यामुळे वेगवेगळ्या तीव्रतेचे नमुने शेजारी शेजारी ठेवले की बहुतेकांना तीव्र तेच सरस वाटते. थोडक्यात, आपण मद्यार्काची तुलना केलीत. बर्बनची तुलना अजून व्हायची आहे.

आणि या डिस्टिलरीपुरते बोलायचे तर ती तुलना करण्यासारखे बरेच आहे. केंटकीतील लॉरेन्सबर्ग येथील या डिस्टिलरीत धान्यांची दोन मिश्रणे वापरतात. ‘ई’ या मिश्रणात 75 टक्के मका, 20 टक्के राय (गव्हासारखे एक धान्य) आणि 5 टक्के बार्लीचा मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) असतो. ‘बी’ या मिश्रणात मका 60 टक्क्यांवर येतो आणि राय 35 टक्क्यांपर्यंत चढते, जे बर्बनच्या मानाने बरेच जास्त आहे. या दोन्ही मिश्रणांना पाच निरनिराळ्या यीस्टची जोड देऊन दहा रेसिपी तयार होतात आणि प्रत्येक रेसिपी वेगळ्या पिंपांत मुरवली जाते. रेसिपीला चार अक्षरांचे नाव असते. ओबीएसव्ही या नावातले पहिले अक्षर डिस्टिलरीचे, दुसरे धान्याच्या मिश्रणाचे, तिसरे ‘स्ट्रेट’ (म्हणजे किमान दोन वर्षे मुरवलेल्या) व्हिस्कीचे आणि चौथे यीस्टचे. म्हणजे पाहण्याजोगी अक्षरे दोनच, दुसरे आणि चौथे. यीस्टचे गुण डिस्टिलरी स्वतःच सांगते : व्ही नाजूक फळांचा, के किंचित मसाल्याचा, ओ भरघोस फळांचा, क्यू फुलांचा आणि एफ वनस्पतींच्या पाल्याचा गंध देते.

आता आपल्या बाटल्या पाहू. सिंगल बॅरलमध्ये ओबीएसव्ही ही एकच रेसिपी असते. स्मॉल बॅचमध्ये दोन्ही मिश्रणे आणि ओ व के ही यीस्ट, अशा चार रेसिपी एकत्र केलेल्या असतात; सिलेक्टमध्ये दोन्ही मिश्रणे आणि व्ही, के व एफ, अशा सहा. साध्या बर्बनसाठी दहाही रेसिपींतून माल घेण्याची मुभा असते. तेव्हा सिलेक्टमध्ये एफ यीस्टमुळे येणारी पाल्याची, पुदिन्याच्या वळणाची छटा स्मॉल बॅचमध्ये मिळू नये आणि स्मॉल बॅचमधला पिकल्या फळांचा गोडवा सिंगल बॅरलमध्ये तितका असू नये, ही अपेक्षा धरून आपण पुन्हा बसावे.

मात्र बसण्यापूर्वी चारही नमुने एकाच तीव्रतेवर आणावेत. प्रत्येकी 20 मिलिलिटर बर्बन घेतल्यास स्मॉल बॅचमध्ये अडीच, सिंगल बॅरलमध्ये 5 आणि सिलेक्टमध्ये 6 मिलिलिटर पाणी घातले की त्या सर्व 40 टक्क्यांवर येतात. साध्या बर्बनला पाण्याची गरज नाही. (मद्यार्क आणि पाणी मिसळल्यावर आकारमान किंचित घटते, पण तेवढा फरक सोडून द्यावा.) पाणी मोजण्यासाठी सुई नसलेली सिरिंज उत्तम. पेले कोणी तरी एकाने भरावेत, त्यांवर फक्त खुणा असाव्यात आणि भरणाऱ्याने चाखायला बसू नये. येथे एक बारीक अडचण येते. सिलेक्ट थंड करून गाळलेली नसते, त्यामुळे तिच्यात राहिलेले तेलकट घटक पाणी घातल्यावर विरघळेनासे होतात आणि ती किंचित गढूळ दिसू शकते. चवीला त्याने बाध येत नाही, पण गुपित फुटते. म्हणून रंगीत किंवा अपारदर्शक पेले वापरावेत.

एवढे करूनही जो फरक जाणवतो, तो मनाचा खेळ तर नव्हे, हे तपासायचे असेल तर तीन पेले घ्यावेत, दोनांत एक बर्बन आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला ओळखायला सांगावे. निव्वळ अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येतेच, तेव्हा एका यशावर फार विसंबू नये. अनेकदा करून पाहावे. आणि घोट थुंकावेत. वर सांगितलेल्या चार नमुन्यांत मिळून सुमारे 37 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क आहे, म्हणजे अमेरिकी मापाने दोन प्रमाणित पेयांहून थोडा अधिक. तो पोटात गेल्यावर पुढच्या फेरीतील मते कितीही ठाम असली तरी ग्राह्य धरता येत नाहीत.

प्रश्न : राय अधिक असल्याने चवीत नेमके काय बदलते, हे याच चार बाटल्यांतून कळू शकेल का?

उत्तर : नाही, आणि चाखणाऱ्यांची सर्वांत मोठी दिशाभूल येथेच होते. सिंगल बॅरल तिखटसर लागली की ‘हा रायचा गुण’ असे सांगून मोकळे होण्याची पद्धत आहे. परंतु स्मॉल बॅच आणि सिंगल बॅरल यांच्यात धान्य, यीस्ट आणि तीव्रता हे तिन्ही एकदम बदलतात. शिवाय सिंगल बॅरलची प्रत्येक बाटली एकाच पिंपातून भरलेली असते, गोदामाचा आणि पिंपाचा क्रमांक तिच्यावर लिहिलेला असतो, आणि दुसऱ्या पिंपाची बाटली थोडी निराळी लागू शकते. या डिस्टिलरीची कॉक्सेस क्रीक येथील गोदामे एकमजली असल्यामुळे खालच्या आणि वरच्या पिंपांना मिळणाऱ्या उष्णतेत, बहुमजली गोदामांच्या तुलनेने, कमी तफावत पडते, हे खरे. तरीही प्रत्येक पिंपाचे लाकूड वेगळे असतेच.

रायचा परिणाम पाहायचा असेल तर फक्त राय बदलली पाहिजे. दुकानदार आणि गट या डिस्टिलरीतून स्वतंत्र पिंपे निवडून घेतात, त्या बाटल्यांवर रेसिपीचे नाव, वय आणि तीव्रता छापलेली असते. त्यांतील ओबीएसव्ही आणि ओईएसव्ही जवळपास सारख्या वयाच्या मिळवाव्यात आणि पाणी घालून समान कराव्यात. याउलट ओईएसक्यू आणि ओईएसएफ शेजारी ठेवल्या तर धान्य तेच राहून यीस्टचा फरक समोर येतो, आणि तो धान्याच्या फरकापेक्षा ठळक वाटण्याची शक्यता मला अधिक वाटते.

प्रश्न : मग वयाचा परिणाम कसा पाहावा?

उत्तर : आपल्या चारही बाटल्यांवर वय छापलेले नाही. अमेरिकी नियमानुसार वय न छापलेली स्ट्रेट बर्बन किमान चार वर्षांची असते, एवढेच त्यावरून कळते. यासाठी दुसऱ्या डिस्टिलरीकडे वळणे सोयीचे. फ्रँकफर्ट येथील बफेलो ट्रेसची त्याच नावाची बर्बन आणि दहा वर्षांची ईगल रेअर या दोन्ही एकाच धान्यमिश्रणाच्या आणि 45 टक्क्यांच्याच आहेत, त्यामुळे पाणी मोजण्याचीही गरज पडत नाही. ईगल रेअरमध्ये पिंपाच्या ओक लाकडाचा तुरटपणा आणि कोरडेपणा किती वाढला आहे, तेवढेच पाहावे. गोडव्याची तुलना दुसऱ्या फेरीसाठी ठेवावी.