एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवावा काय?

प्रश्न : आमच्या मानेवाड्यातील घराच्या गच्चीवर सोलरची २०० लिटरची टाकी आहे. ढगाळ दिवसांसाठी तिच्यात ३ किलोवॅटची कॉइल बसवून घेतली आणि तिची वायर न्हाणीघरातील २ किलोवॅटच्या गीझरच्या सॉकेटवरून वर नेली. दोन्ही एकाच वेळी सुरू असले की १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) अर्ध्या तासाने कधी पडतो, कधी पडत नाही. वायरमन ३२ अँपिअरचा बसवू म्हणतात. बसवावा काय? – एक वाचक

उत्तर : मुळीच बसवू नये. २३० व्होल्टवर कॉइल १३ अँपिअर आणि गीझर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे एकूण सुमारे २२ अँपिअर होतात. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या भाराला लगेच पडत नाही, तापत तापत पडतो. तुम्हाला जो लहरीपणा वाटतो, तो खरे तर त्याचा नेमस्तपणा आहे. एमसीबी भिंतीतील वायर वाचविण्यासाठी असतो. न्हाणीघराच्या पॉइंटला बहुधा २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते आणि पाइपातून गेलेली अशी वायर २० अँपिअरच्या आसपासच प्रवाह निर्धास्तपणे वाहते. ३२ अँपिअरचा एमसीबी बसविला, तर २२ अँपिअरला तो कधीच पडणार नाही आणि वायर मात्र रोज भाजत राहील. अशाच एका घरी सॉकेट उघडून पाहिले, तेव्हा फेजचे भोक तपकिरी झाले होते आणि आतील वायरचे आवरण नखाने बिस्किटासारखे तुटत होते. घरच्यांना फक्त अधूनमधून वास येत असे.

कॉइलसाठी मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर न्यावी, तिला २० अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी द्यावा आणि प्लग-सॉकेट टाळून फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणाऱ्या डबल पोल स्विचमधून थेट जोडणी करावी. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ३ किलोवॅटच्या कॉइलला तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि इतका वेळ १३ अँपिअर वाहताना प्लगची पिन किंचित जरी सैल असली तरी जळते. कॉइलच्या टोकाशी उष्णता सोसणारी वायर वापरावी. गच्चीवरचा वायरचा पाइप उघडा ठेवू नये, कारण आपल्याकडील मे महिन्याचे ऊन आतील आवरणालाही सोडत नाही.

या वायरवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. कठीण पाण्याने कॉइलवर खार बसतो, तिचे कवच तडकते आणि आरसीसीबी पडू लागतो. अशा वेळी त्याला बगल देऊन काम चालविणारे महाभाग आहेत. त्याऐवजी कॉइलच्या फेज-न्यूट्रलच्या दोन्ही तारा काढून पाहाव्यात. आरसीसीबी टिकला, तर कॉइल बदलावी. टाकीत पाणी नसताना कॉइल सुरू करू नये, आणि नळाला पाणी न आलेल्या दिवशी हे विशेष लक्षात ठेवावे.

अर्थिंगबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त फसगत तेथेच होते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावायचा आणि तो पेटला की अर्थिंग उत्तम, असे मानण्याची पद्धत आहे. हा बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी प्रवाहावर पेटतो, त्यामुळे अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी तो चांगलाच उजळतो. मात्र फेजचा स्पर्श टाकीच्या पत्र्याला झाला, तर त्या ५० ओहमांतून फार तर ४.६ अँपिअर वाहतील, २० अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि आरसीसीबी नसेल तर पत्र्यात वीज तशीच राहील. म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा, आणि तोही शक्यतो उन्हाळ्यात, अर्थिंगच्या खड्ड्यातील माती कोरडी असताना. पाण्याच्या नळाला अर्थ जोडलेला आढळल्यास तो आधी काढावा, कारण आता बहुतेक घरांत मधला पाइप प्लॅस्टिकचा असतो आणि तो जमिनीपर्यंत काहीच पोहोचवत नाही.

प्रश्न : वसतिगृहात १५०० वॅटचा रॉड बादलीत लावून पाणी तापवितो. तो मोबाईल चार्जरच्या सॉकेटला चालेल काय? – एक विद्यार्थी

उत्तर : नाही. तो साडेसहा अँपिअर घेतो आणि ते सॉकेट ६ अँपिअरचे असते. १६ अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट वापरावे, आणि पाणी तापले की नाही हे पाहण्यापूर्वी स्विच बंद करून पिनही बाहेर काढावी. अनेक अपघात पाण्यात बोट घालून पाहण्याच्या त्या एका क्षणी होतात.