आई-बाबांना स्पिती दाखवायचंय? मग किन्नौरकडून जा

आई-बाबा साठी ओलांडलेले, हाताशी दहा दिवस, आणि मनालीहून एका दिवसात हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याचं मुख्य गाव काझा गाठायचं, असा तुमचा बेत आहे. कळकळीने सांगतो, उलटं फिरा. मनाली 2,000 मीटरच्या आसपास, वाटेतला कुंझुमचा घाट साडेचार हजारांवर, आणि मुक्काम काझाला, 3,600 च्याही वर. शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच मिळत नाही. पहिल्या खेपेला आम्ही असेच गेलो आणि वडिलांनी अख्खी रात्र डोकं धरून बसून काढली. पुढच्या खेपेला सिमला, सराहन, कल्पा, ताबो असं टप्प्याटप्प्याने चढलो, तर तेच बाबा काझाला पोचून चहा मागत होते! तरीही निघण्याआधी डॉक्टरांना भेटाच.

या वाटेने प्रदेश उलगडतोही छान. किन्नौरात देवदार, सफरचंदाच्या बागा. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, आणि तिथून पुढे हिरवळ संपतेच. पावसाचे ढग अलीकडच्या रांगांवरच रिते होतात, म्हणून पलीकडे नुसती माती, दगड आणि निळं आभाळ.

ताबोला घाई करू नका. तिथला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, 996 सालचा, मातीच्या भिंतींचा. आत जवळजवळ अंधार. डोळे सरावले की भिंतींवर बसलेल्या मातीच्या मूर्ती एकेक करून दिसू लागतात, आणि त्यांच्याखाली चित्रांचे पट्टे. याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. अजिंठा पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटतं. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

काझाहून ‘की’ नावाचा मठ आणि लांग्झा गाव एका दिवसात होतात. लांग्झाच्या आसपास शंखांचे जीवाश्म सापडतात, कारण ही जमीन कधीकाळी टेथिस समुद्राचा तळ होती. पोरं विकायला आणतात, घेऊ नका. ते तिथेच राहायला हवेत. ऑगस्टमध्ये गेलात तर शेतात मटार असतो. एका आजींनी आईच्या ओंजळीत शेंगा ओतल्या होत्या. इतका गोड मटार मी दुसरीकडे खाल्लेला नाही.

लाहौल आणि स्पिती कागदावर एकच जिल्हा, पण मध्ये कुंझुम आहे. हिवाळ्यात तो बंद झाला की स्पितीकरांना केलांगच्या जिल्हा मुख्यालयात जायला किन्नौरवरून प्रचंड वळसा पडतो. जूनच्या सुरुवातीलाही तो उघडा असेलच असं नाही, म्हणून ऑगस्टअखेर ते सप्टेंबर धरा.

चंद्रताल हे तळं कुंझुमवरून मनालीकडे परततानासाठी ठेवा. आई-बाबांना तंबूत झोपवू नका, तिथली रात्र फार गार असते. लोसरहून पहाटे निघा, तळं बघा आणि अंधाराच्या आत लाहौलमधल्या सिस्सूला उतरा.