नेपरव्हिलला निघण्याआधी लेकीला काय वाचायला द्यावं?

सलाम आपा. मिस्टरांची बदली नेपरव्हिलला होतेय, लेक पंधराची, स्कार्फ बांधते. शाळेत त्रास होईल का आणि आधी तिला काय वाचायला द्यावं, असं तुम्ही विचारलंत. त्रासाचं म्हणाल तर ते शाळेशाळेवर आहे. शिकागोच्या या बाजूला मशिदी आहेत, हलाल दुकानं आहेत, वर्गात आपली मुलं भेटतात. तरी एखादा टोमणा कानावर येणारच. वाचायचं मात्र नीट सांगते.

समीरा अहमद यांची ‘लव्ह, हेट अँड अदर फिल्टर्स’ (२०१८) आधी घ्या. बाई जन्मल्या मुंबईत, वाढल्या बटेव्हियात, म्हणजे तुमच्या होणाऱ्या घरापासून फार लांब नाही. गोष्टही तिथलीच. हैदराबादी घरातल्या माया अझीझला न्यूयॉर्कला जाऊन सिनेमा शिकायचाय. स्प्रिंगफील्डला स्फोट होतो, संशयिताचं आडनाव अझीझ असल्याची बातमी येते, आणि इकडे हिच्या घरादारावर राग निघू लागतो. माया स्कार्फ बांधत नाही, आडनाव पुरतं. मग आईबाप घाबरून न्यूयॉर्कला दिलेली परवानगीच मागे घेतात. मला तर मायापेक्षा तेच जास्त ओळखीचे वाटले. दापोलीत असतो तर आपणही हेच केलं असतं की!

स्कार्फचा प्रश्न थेट हवा असेल तर ताहेरा माफी यांची ‘अ व्हेरी लार्ज एक्स्पॅन्स ऑफ सी’. काळ २००२चा, शिरीन सोळा वर्षांची, इराणी घरातली. सारखी शाळा बदलून कंटाळलेली, कुणाशी धड न बोलणारी, पण भावासोबत ब्रेकडान्स शिकते. प्रेमप्रकरण आहे, पुस्तक लपवू नका, तुमच्या लेकीला ते सापडेलच.

मरीना बुधोस यांची ‘आस्क मी नो क्वेश्चन्स’ (२००६) तुम्ही स्वतः वाचा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं बांगलादेशी कुटुंब, व्हिसाची मुदत कधीच संपलेली. कॅनडात आसरा मागायला जातात, तर सीमेवर वडिलांना अटक होते. दोघी मुलींना सांगितलं जातं, शाळेत जा, काही झालंच नाही असं वागा. त्यामागे खरा नियम होता: ११ सप्टेंबरनंतर सरकारनं पंचवीस देशांच्या पुरुषांना खास नोंदणीला बोलावलं. पाकिस्तान, बांगलादेश त्यात होते, भारत नव्हता. तो नियम २०१६च्या अखेरीस रद्द झाला. तुमचे कागद चोख आहेत, तुम्हाला ते भय नाही. पण गप्प बसण्याची ती सवय चोख कागदांच्या घरांतही असते. मुलं शाळेतलं घरी सांगत नाहीत, कारण आईबाप शाळाच बदलतील अशी त्यांना धास्ती असते. म्हणून म्हणते, लेकीच्या आधी तुम्ही वाचा. मग ती बोलायला लागली तर लगेच प्रिन्सिपलला फोन लावू नका, पुरतं ऐकून घ्या.

समीरा अहमद यांचीच ‘इंटर्नमेंट’ (२०१९) आत्ता नको. मुसलमानांना वाळवंटातल्या छावणीत डांबल्याची ती कल्पित गोष्ट आहे, आणि जरा भडकही. विमानात बसण्याआधी असलं कशाला?

पुस्तकं तिकडून विकत आणू नका. इथे पत्त्याचा पुरावा दाखवला की सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड फुकट मिळतं.