मावशींचे गुडघे

अनेक आशीर्वाद.

तांबट आळीचे फोटो पाहिले. हातोडीखालचं तांबं आणि त्या कारागीर आजोबांच्या भुवईवरचा घाम, झकास! मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाची लेखी संमती, नाही म्हणून स्टॉक साइटनं (फोटो विकणाऱ्या वेबसाइटनं) फोटो परत पाठवला, तर आता एडिटोरियलमध्ये टाकू का, असं विचारलंस. टाक की. बातमीला, लेखाला चालेल. तेलाच्या बाटलीवर मात्र नाही.

कॉपीराइट तुझाच. १९५७ च्या कायद्यानं फोटो काढणारा पहिला मालक (पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढला तर गोष्ट वेगळी). पण चेहरा त्यांचा. संमतीशिवाय कुणाची छबी जाहिरातीत वापरली तर खाजगीपणाचा भंग होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या राजगोपाल निकालातच सांगितलंय.

माझ्याकडे तर सहीसुद्धा होती. मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींची, इंग्रजी फॉर्मवर. मी "इथं सही करा" म्हटलं, त्यांनी केली. वर्षभरानं त्यांचा मुलगा वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन दारात उभा. गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात! "आईचे गुडघे ठणठणीत आहेत, साहेब. गिऱ्हाइकं येता-जाता विचारतात, बरं वाटतंय का?" कायद्यानं मी सुटलो असेन. त्या गाळ्यावरून जायला मात्र पुढं कितीतरी दिवस पाय उचलेना.

म्हणून साइटचा इंग्रजी फॉर्म भर, पण आधी मराठीत मजकूर वाचून दाखव. फोटो कोण विकत घेईल ते आपल्या हातात नसतं, हेही सांग. साक्षीदार तिसराच हवा, तू नव्हेस. मोबदला थोडा का होईना, दे आणि कागदावर लिही; फुकटचा करार आपल्याकडे सहसा टिकत नाही. अठराच्या आतल्या पोराची स्वतःची सही चालत नाही, आईची किंवा वडिलांची घे. ढोल पथकाच्या एका फ्रेममध्ये ओळखू येणारे दहा चेहरे असले तर फॉर्म दहा. पालखीत मात्र कुणाला थांबवून कागद पुढं करू नकोस. ते फोटो एडिटोरियललाच राहू देत.

आजोबांकडे मोठी प्रिंट घेऊन जा. नाही म्हणाले तरी प्रिंट त्यांनाच दे.

सोबत माझा मराठी मजकूर पाठवतोय. त्यातला 'औषध' हा शब्द मुद्दाम ठळक केलाय.

तुझा,
काका