जर्मनीचा इंटरव्ह्यू, २३ पॅटर्न आणि दूध संस्थेचं सॉफ्टवेअर

भावा, तू विचारलायस की राजारामपुरीतल्या छोट्या कंपनीत जावामध्ये दूध संस्थांचं सॉफ्टवेअर लिहितोयस, आता जर्मनीला यायचं डोक्यात आहे, तर इंटरव्ह्यूला २३ च्या २३ डिझाइन पॅटर्न पाठ करायला लागतात काय, आणि असला गावाकडचा प्रोजेक्ट सांगितला तर समोरचे हसतील काय. मी पण कोल्हापूरचाच, सध्या स्टुटगार्टला असतो आणि आमच्या टीमच्या इंटरव्ह्यूला बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाठ अजिबात करू नको. डिझाइन पॅटर्न म्हणजे कोड लिहिताना परत परत येणाऱ्या अडचणींवरचे नाव दिलेले ठरलेले तोडगे. २३ हा आकडा गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांच्या १९९४ च्या पुस्तकातला, ५ क्रिएशनल (ऑब्जेक्ट तयार करायचे), ७ स्ट्रक्चरल (ते जोडायचे), ११ बिहेवियरल (त्यांनी एकमेकांशी कसं वागायचं), आणि त्यातली उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकमधली, जावा तेव्हा बाजारात आली पण नव्हती. आपल्याकडं व्हायवाला "व्याख्या सांगा, प्रकार सांगा" असतंय, आमच्यात तसलं कोण विचारत नाही. थोडा कोड पुढं टाकतो आणि विचारतो, उद्या यात अजून एक प्रकार घालायचा झाला तर कुठल्या कुठल्या फाइल उघडायला लागतील? खरा इंटरव्ह्यू तिथनं सुरू होतो.

आता तुझंच काम घे. गाईचा दर वेगळा, म्हशीचा वेगळा, फॅट आणि एसएनएफवर (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) ठरणार, वर संघानं दरपत्रक बदललं की परत सगळं बदला. ते इफ-एल्सच्या रांगेत कोंबलं असशील तर प्रत्येक वेळी बिलाच्या कोडला हात लावायला लागतोय. दर काढायचा भाग एका इंटरफेसमागं (म्हणजे काय मागायचं एवढंच ठरवलेलं, आत कसं करायचं ते नाही) नेला आणि बिलाला फक्त "दर दे" एवढंच कळलं की झाला स्ट्रॅटेजी पॅटर्न. आणि हे पण सांग की जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ ला, लॅम्डा (नाव न देता जागेवरच लिहायचं छोटं फंक्शन) आले, त्यामुळं एकच मेथड असेल तर दरवेळी वेगळा क्लास लिहायची गरज नाही. पॅटर्न ओळखता येणं ठीक आहे पण तो कधी हलका करायचा हे सांगणारी पोरं लई कमी भेटतात.

मग फॅट मशीन. एका कंपनीचं मशीन सीरियल पोर्टवर फॅट आधी पाठवतंय, दुसऱ्याचं एसएनएफ, वजनकाट्याची तर वेगळीच तऱ्हा. प्रत्येकासाठी एक छोटा क्लास, जो ते सगळं तुझ्या एकाच इंटरफेसमध्ये बसवतोय, तो ॲडॅप्टर. ह्याच्यात आणि डेकोरेटरमध्ये भलेभले गोंधळतात. ॲडॅप्टर इंटरफेस बदलतो, डेकोरेटर इंटरफेस तोच ठेवून वरनं काम वाढवतो. जावात फाइल वाचताना बफर्डरीडरमध्ये इनपुटस्ट्रीमरीडर घालतो ना आपण, त्या एका ओळीत दोन्ही आहेत बघ, आतला बाइट्सचे कॅरेक्टर करून देतो म्हणून ॲडॅप्टर, बाहेरचा रीडरच राहून बफर जोडतो म्हणून डेकोरेटर.

दूध मापलं की पावती छापायची, एसएमएस जायचा, डिस्प्लेवर आकडा यायचा, हा ऑब्झर्व्हर. इथं हमखास उलटा प्रश्न येतो. एसएमएसवाला सर्व्हर अडकला तर काय? सगळे ऑब्झर्व्हर एकाच थ्रेडवर एकामागनं एक चालत असतील तर सकाळी सहाला डेअरीत कॅन घेऊन माणसं ताटकळणार. एसएमएस क्यूमध्ये टाकून मागनं पाठवा, पावती मात्र तिथल्या तिथं, असं उत्तर आलं की मला बरं वाटतं, कारण हे पुस्तकात वाचून येत नाही. (जावाची स्वतःची ऑब्झर्व्हेबल क्लास वापरतो म्हणू नको, ती जावा ९ पासून डेप्रिकेटेड आहे, म्हणजे वापरू नका असं जावावाल्यांनीच सांगितलंय.)

सिंगलटन (क्लासचा एकच ऑब्जेक्ट ठेवायचा पॅटर्न) मात्र सगळ्यात आधी सांगू नको, सगळे तेच सांगतात. टेस्ट लिहिताना तो नडतो, कुठनं पण कोण पण हात घालतंय, आणि स्प्रिंग ह्या जावा फ्रेमवर्कची बीन (त्यानं सांभाळलेला ऑब्जेक्ट) डिफॉल्टला सिंगलटन असते ती त्याच्या कंटेनरपुरती एक, त्या चौघांच्या पुस्तकातल्यासारखी क्लासचा एकच ऑब्जेक्ट अशी नाही. एवढा फरक आला तरी पुरे. उरलेले पॅटर्न वरवर वाचून ठेव, व्हिजिटर आणि फ्लायवेट मला कामात क्वचितच लागलेत.

बाकी यायचं म्हणशील तर डिग्री आणि युनिव्हर्सिटी अनाबिनवर (परदेशी डिग्र्या जर्मनीत चालतात का ते दाखवणारी वेबसाइट) आधीच बघून ठेव, ब्लू कार्डसाठी (शिकलेल्या परदेशी लोकांना नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना) ते लागतं, पगाराची मर्यादा दरवर्षी बदलते म्हणून त्या वर्षीचा आकडाच बघ. कार्ड मिळाल्यावर ए१ जर्मन (भाषेची सगळ्यात पहिली पातळी) असेल तर २७ महिन्यांनी कायमचं राहायला अर्ज करता येतो, बी१ (मधली पातळी) असेल तर २१ नी, त्यामुळं जर्मनचा क्लास तिथनंच सुरू कर, इथं आल्यावर वेळ मिळत नाही. वहिनींना व्हिसासाठी जर्मनच्या सर्टिफिकेटची अट नाही. नोटीस पीरियड किती आहे ते पहिल्या कॉललाच स्पष्ट सांग.

रिझ्युमे मला पाठव, बघतो. "डिझाइन पॅटर्न्सचं ज्ञान" अशी ओळ असेल तर ती आधी काढ, त्याजागी लिही की वेगवेगळ्या कंपन्यांची फॅट मशीन एकाच सॉफ्टवेअरला जोडली आणि नवीन मशीन आलं की एकच क्लास वाढवावा लागतो.