वाचकांचे प्रश्न : प्रेअरीचे बी वाया गेले का?

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिल येथे राहतो. मागच्या वसंतात अंगणातील हिरवळीचा एक तुकडा काढून तेथे प्रेअरीच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ मैदानांच्या, देशी गवतांचे व रानफुलांचे बी पेरले. वर्षभरात टीचभर पात्यांखेरीज काही दिसले नाही, तण मात्र माजले. बी वाया गेले का? मागील बाजूच्या ओकखाली तेच बी पेरावे का?
– एक वाचक

उत्तर : बी वाया गेलेले नाही, तेव्हा कृपा करून ती जमीन पुन्हा उकरू नका. बिग ब्लूस्टेम हे प्रेअरीचे मुख्य गवत पुढे माणसाच्या डोक्यावर जाते आणि त्याची मुळे आठ-दहा फूट खोल उतरतात. पहिल्या वर्षी त्याची बहुतेक वाढ जमिनीखालीच होते. शिवाय अनेक रानफुलांचे बी थंड ओलाव्यात एक हिवाळा काढल्याशिवाय रुजतच नाही. गवताचा बुंधा बोटांत धरून पाहा : तो चपटा आणि निळसर असेल, तर ते बहुधा लिटल ब्लूस्टेम हे प्रेअरीचेच ठेंगणे गवत आहे. तण उपटू नका, कारण त्यासोबत कोवळी रोपेही सुटून येतात. या पहिल्या काळात ते चार ते सहा इंचांवर कापत राहा. भरघोस फुलांसाठी तिसऱ्या वर्षापर्यंत थांबावे लागेल.

मिल्कवीड अवश्य वाढू द्या. ते आपल्या रुईच्या कुळातले असून मोनार्क फुलपाखराच्या अळ्या केवळ त्याच्याच पानांवर जगतात.

ओकखाली मात्र हे बी नको, कारण प्रेअरीला भरपूर ऊन लागते. तेथे ब्लडरूट, व्हर्जिनिया ब्लूबेल आणि ट्रिलियम ही जंगलातली रानफुले लावा. ओकला पालवी फुटण्यापूर्वीच्या उन्हात ती फुलतात आणि ब्लूबेल तर उन्हाळ्यात दिसेनाशीही होते. ट्रिलियमला बियांपासून फुलायला सुमारे सात वर्षे लागतात, म्हणून रोपवाटिकेत वाढवलेलीच रोपे घ्या. रानातून खणून आणलेली कधीही घेऊ नका.

आपल्या इलिनॉय राज्यात एके काळी सुमारे २.२ कोटी एकर प्रेअरी होती. १८३७ मध्ये जॉन डिअर या लोहाराने तेथेच पोलादी नांगर घडवला, चिकट काळी माती नांगराखाली आली, आणि आज उत्तम स्थितीतील मूळ प्रेअरी अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे. म्हणूनच आपल्या अंगणातील तुकडा मला मोलाचा वाटतो. शेजारच्या लाइल येथील मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात शेतजमिनीवर १९६२ पासून उभी केलेली शुलेनबर्ग प्रेअरी ऑगस्टअखेरीस पाहून या. आपली पाती पुढे कशी दिसतील, ते तेथे कळेल.